मुरुमाची धावपट्टी चालेल, चिखलाची नाही

प्रश्न असा आहे की, छोट्या गावांसाठी डांबरी धावपट्टीचा खर्च करण्याऐवजी मुरूम दाबून केलेल्या पट्टीवरून 'उडान'ची (छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची) विमानं का चालवत नाहीत? कॅनडाच्या उत्तर भागात मी विमानांच्या देखभालीचं काम केलं आहे. तिथे खडीच्या धावपट्ट्या नेहमीच्या, म्हणून सविस्तर लिहितो.

खडीचा बंदोबस्त करता येतो. जुन्या ७३७-२०० या प्रवासी जेट विमानासाठी बोइंगने तसा संचच दिला होता. त्यात पुढच्या चाकांनी उडवलेले खडे अडवणारा रुंद पत्रा असे आणि इंजिनाच्या तोंडाशी भोवरा तयार होऊन खडे आत ओढले जाऊ नयेत म्हणून जोराची हवा सोडणारी नळी असे. पुढच्या ७३७ मॉडेल्सना हा संच कधी मिळालाच नाही. त्यांची इंजिनं मोठी आणि जमिनीच्या फार जवळ असतात.

पावसात पट्टीचा चिखल झाला, तर त्याला असा उपाय नाही. उतरताना विमान रुतेल ही भीती सगळ्यांना असते, पण मला जास्त काळजी वाटते ती उड्डाणाच्या धावेची. चाक चिखल बाजूला सारत पळतं, उडालेला चिखल पोटावर आणि फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर) आदळतो, आणि जिथे वेग वाढायला हवा तिथेच तो अडतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये पक्क्या धावपट्टीवर फक्त अर्धवट वितळलेल्या, पाणीदार बर्फाचा थर होता. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ घेऊन निघालेल्या विमानाने ११७ नॉट्स (ताशी सुमारे २१७ किमी) गाठले, मग पट्टीच्या टोकाकडच्या बर्फात शिरल्यावर वेग १०५ पर्यंत उतरला. उडता येईना आणि थांबायला जागा उरली नव्हती. २३ माणसं गेली. दोष आधी वैमानिकावर आला. त्यातून सुटायला त्यांना दहा वर्षं झगडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चिखलात ब्रेकही धरत नाहीत, त्यामुळे उड्डाण रद्द करायला लागणारं अंतरही वाढतं. पक्क्या पट्टीसाठी हे सगळं आकडेमोडीने ठरवता येतं. मातीची ताकद मात्र एका सरीने बदलते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. वरून सुकलेली पापुद्र्यासारखी माती, खाली लोणी. एका बाजूचं चाक रुतलं की विमान तिकडे ओढलं जातं. ७३७-८०० च्या मुख्य टायरमध्ये २०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास दाब असतो. एवढ्या कडक टायरखाली ओल्या मातीत चर पडणारच. ट्विन ऑटर या छोट्या विमानाचे टायर त्यामानाने पुष्कळ मऊ, म्हणून ते कच्च्या पट्टीवर टिकतं.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने बघायचो: चाकांच्या कप्प्यात साचलेला चिखल. वर थंडीत तो गोठतो, आणि उतरताना चाकं बाहेर यायला अडतात. ब्रेक आणि सेन्सरवरचा चिखल धुतल्याशिवाय विमान सोडायचं नाही.

आपल्याकडचं उदाहरण जुहूचं. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन विमान उतरवलं ते तिथल्या चिखलवट मैदानावर. पावसाळ्यात भरतीचं पाणी तिथे यायचं, म्हणून सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानात हलवावा लागे. तीही हलकी, छोटी विमानं होती.

तेव्हा तुमच्या गावासाठी: निचरा चांगला असेल, तर मुरुमाच्या पट्टीवर कोरड्या महिन्यांत ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर २२८ सारखं १९ आसनी विमान चालू शकेल. पहिल्या मोठ्या पावसापासून मात्र ती पट्टी बंदच ठेवावी. वर्षभर सेवा हवी असेल तर डांबराचा खर्च टळत नाही.