काकांची जुनी येझदी कॅफे रेसर करून विकावी का? अशा गाड्यांचा जोडधंदा जमतो का?

तुम्ही विचारलंय की काकांच्या पश्चात घरात उभी असलेली १९८१ची येझदी मोटरसायकल कॅफे रेसर करून (म्हणजे हँडल खाली, फुटरेस्ट मागे आणि कुबडाची सीट असं जुन्या रेसिंगच्या थाटाचं रूप देऊन) विकावी का, त्यात किती सुटतात, आणि नोकरी सांभाळून अशा गाड्या बांधून विकायचा जोडधंदा होईल का. मी कोल्हापुरात गेली नऊ वर्षं हेच करतोय. दिवसा कारखान्यात नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी गाड्या. आजवर अकरा बांधून विकल्या: सहा येझदी, तीन बुलेट, दोन यामाहा आरएक्स १००. अनुभवातून जे कळलंय ते सांगतो.

सगळ्यात आधी एक विनंती. गाडीला ग्रायंडर लावू नका. सीटखालच्या चौकटीचा मागचा दांडा कापून कुबडाची, एकाच माणसाची सीट बसवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणार. मीही पाहिले होते. पहिल्या येझदीचा मागचा भाग मी अर्ध्या तासात कापला. उद्यमनगरात ज्यांच्या लेथवर मी कामं करून घेतो ते मेस्त्री तेव्हा शेजारीच उभे होते. म्हणाले, "आरं कापू नगंस, उद्या कुणाला पयल्यासारखी पायजे झाली तर काय करशील?" मी ऐकलं नाही. गाडी देखणी झाली, लगेच विकली गेली. दीड वर्षाने घेणाऱ्याचा फोन आला. त्याचं लग्न झालं होतं आणि त्याला गाडीवर दोघांना बसता येईल अशी सीट हवी होती. मला ती देता येईना, कारण सीट जिच्यावर बसते ती चौकटच उरली नव्हती. दुसऱ्या चेसिसचा तुकडा जोडायचा म्हणजे वेल्डिंगच्या भरवशावर दोन माणसं बसवायची. ते मला जमणार नव्हतं. त्याचे पैसे परत केले आणि गाडी घरी आणली. ती आजही माझ्या शेडमध्ये उभी आहे, विकायची नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एकच नियम आहे: जे काही करायचं ते मूळ बोल्टांच्या जागी बसलं पाहिजे आणि पाना घेऊन एका दिवसात उलटं करता आलं पाहिजे. गाडीतून निघालेली मूळ सीट, हँडल, मडगार्ड, अगदी झिजलेलं फुटरेस्टचं रबरसुद्धा पोत्यात भरून, वर गाडीचा नंबर लिहून ठेवतो. गाडीबरोबर ते पोतंही गिऱ्हाइकाला देतो.

येझदीचा एक तिढा आहे, तो बहुतेकांना गाडी खोलल्यावर कळतो. कॅफे रेसर म्हटलं की हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे. पण येझदीला किक आणि गिअर यांची दांडी एकच. उभी केली की किक, खाली घेतली की गिअर, आणि गिअर टाकताना तीच दांडी आतून क्लचही दाबते. फुटरेस्ट मागे नेलं तर त्या दांडीला जोडसळई लावावी लागते, आणि मग किक मारताना दर वेळी ती सोडवायची. सिग्नलला गाडी बंद पडली की चालवणाऱ्याचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. म्हणून कित्येक जण फक्त हँडल खाली घेतात आणि फुटरेस्ट आहे तिथेच ठेवतात. दिसायला गाडी छान दिसते, पण शरीर पुढे झुकलेलं आणि पाय खुर्चीत बसल्यासारखे. गडहिंग्लजपर्यंत जाऊन या, मग कंबर काय ते सांगेल. येझदीला मी आता हँडल थोडंच खाली घेतो, फुटरेस्टला हात लावत नाही. मूळ चौकटीवर दोघांची पातळ सीट बसवतो आणि मागच्या अर्ध्या भागावर दोन बोल्टांवर बसणारं पत्र्याचं कुबड देतो. बायकोला घेऊन जायचं असेल तेव्हा कुबड काढायचं. बाजूने पाहिलं तर रेष तीच दिसते.

आता कायदा, कारण ह्याच ठिकाणी बहुतेकांचा धंदा अडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर आसनं २ लिहिलेली असतात. एकाच माणसाची सीट वेल्ड केली की तिथेच फरक पडला. मागे बसणाऱ्यासाठी धरायला हात, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड हेही नियमात आहे, आणि कॅफे रेसर करताना लोक पहिल्यांदा हेच काढून फेकतात. बोल्टने बसवलं म्हणून ते आपोआप कायदेशीर होतं असंही नाही. म्हणून मी सायलेन्सर मूळच ठेवतो, आरसे, साडीगार्ड, मडगार्ड ठेवतो, रंग बदलला तर आरसीवर नोंदवून घेतो. आणि काय काय बदललंय त्याची यादी सही करून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. मोठा आवाज हवा असेल त्याला मी सरळ नाही म्हणतो.

जाहिरातीत 'व्हिंटेज' हा शब्द टाकू नका. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडीच त्यात बसते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली बसत नाही. म्हणजे कॅफे रेसर आणि कायद्यातली व्हिंटेज या दोन वाटाच वेगळ्या. मैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जावा बनवायला घेतली आणि १९७३पासून त्याच गाड्यांवर येझदी हे नाव आलं. सगळ्या जुन्या जावा आणि पहिल्या येझदी आता पन्नाशीच्या पलीकडे गेल्यात. असली गाडी शाबूत मिळाली तर तिची कॅफे रेसर करू नका. मी असं काम आलं तर घेत नाही, पैसे कितीही देत असले तरी.

तुमची १९८१ची म्हणजे त्या अर्थाने व्हिंटेज नाही, पण तिची कागदं आधी बघा. आरसी काकांच्या नावावर असेल. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि वारस म्हणजे काकू आणि चुलत भावंडं. त्यांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते फॉर्म २५वर, शिवाय १५ वर्षांवरच्या दुचाकीला आपल्याकडे पाच वर्षांसाठी पर्यावरण कर. आणि एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरपाटी. हे सगळं झाल्यावर विकताना फॉर्म २९ आणि ३०. गिऱ्हाईक बेळगावचं असेल (माझी तीन गिऱ्हाइकं तिकडचीच) तर फॉर्म २८वर ना हरकत घेऊन गाडी कर्नाटकात पुन्हा नोंदवायची, तिथला कर वेगळा.

गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय ती मनातून विकली असं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट म्हटलंय की कागदावर ज्याचं नाव, तोच मालक. अपघात झाला तर भरपाईसाठी त्यालाच धरतात, मग गाडी त्याने कधीच विकलेली का असेना.

चेसिस नंबरचं एक आवर्जून सांगतो. ना हरकतीसाठी नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि ठसा उमटवतात. तिसऱ्या गाडीला मी चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून बसवायच्या रंगाला) दिली आणि नंबर झाकायला विसरलो. रंग नंबरात जाऊन बसला. ठसा घेतला तर ८चा ३ दिसायला लागला. आरटीओतल्या साहेबांनी कागद उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि फाइल परत दिली. चूक माझीच होती. मग सुती फडकं आणि पेंट रिमूव्हर घेऊन दोन दिवस, टाचणीच्या टोकाने एकेक आकडा मोकळा केला. आता गाडी खोलण्याआधी नंबराचा ठसा आणि फोटो घेतो आणि नंबरावर उष्णता सोसणारी टेप दोन थर लावूनच गाडी कोटिंगला पाठवतो. तुम्हीही हेच करा. खरवडताना एक आकडा बिघडला तर ती गाडी कुठल्याच कागदावर चढणार नाही.

पैशाचं विचारलंत. माझ्या वहीतली एका येझदीची नोंद देतो. कागदांसकट गाडी ५२,०००. क्रँक, बोअर, पिस्टन धरून इंजिन १९,०००. टाकी ठोकून रंग ११,५००. सीट ४,०००. हँडल आणि लेथची कामं ९,०००. सहा व्होल्टचं बारा करून नवीन वायरिंग ७,५००. रिम, स्पोक, टायर १३,०००. क्रोम ६,०००. कागदपत्रं ६,०००. बेरीज १,२८,०००. विकली १,४५,०००ला. चार महिन्यांच्या संध्याकाळी आणि रविवार, हातात १७,०००. इंजिन जाम निघालं असतं तर तेही नाही. नोकरी सोडण्याइतकं ह्यात नाही, हे स्वच्छ सांगतो. ज्याला रात्री अकरा वाजता कार्बोरेटरची जेट धुवायला आवडतं त्यानेच हे करावं.

दोन-चार गाड्यांपलीकडे नियमित खरेदी-विक्री करायची असेल तर १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र लागतं. ते आधी समजून घ्या. मी स्वतः आता गाडी विकत घेऊन बांधत नाही. मालक आपली गाडी आणतो, मी बांधून देतो, मजुरी घेतो. पैसे अडकत नाहीत आणि कागद त्याचेच राहतात.

गिऱ्हाईक कोण, हे ओळखायला मला वेळ लागला. कॅफे रेसरचं मूळ बघा: लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे १९३८चा. पन्नास-साठच्या दशकात तिथे जमणारी पोरं गाडीवरचं जड ते उतरवून ताशी १०० मैल गाठायच्या मागे असत, नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवत. त्यांना वेग हवा होता. आपल्या येझदीकडून तो वेग कुणी मागत नाही. आणि ज्याला नुसतं हे रूप हवंय त्याला २०१८पासून रॉयल एनफील्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० शोरूममध्ये मिळते, वॉरंटीसकट. तरी माझ्याकडे माणूस येतो, कारण त्याच्या वडिलांकडे येझदी होती. तो टाकीवर हात ठेवतो, किक मारायला सांगतो आणि दोन नळ्यांतून तो ठोका निघाला की गप्प होतो. अशा माणसाला चकाकी कमी चालते, इंजिन नीट लागतं.

त्यामुळे दाखवताना गाडी आधी गरम करून ठेवू नका. माणूस आला की आधी त्याला इंजिनाला हात लावू द्या, गार आहे हे त्याचं त्याला कळू दे, मग त्याच्याच हातून किक मारून घ्या. व्हिडिओ पाठवायचा तर तोही तसाच, मध्ये न कापलेला. आणि किमान दहा मिनिटं त्याला गाडीवर बसवा. ज्याची पाठ दुखणार आहे त्याची तिथेच दुखू दे. माझे दोन सौदे असे जागेवर मोडले, आणि ते मोडले हे बरंच झालं.

आता तुमची गाडी. माझ्या मते तिची कॅफे रेसर करू नका, निदान पहिली तरी नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आतून गंज किती आहे ते टॉर्च मारून बघा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी दांडी उभी करून हाताने हळू दाबा, पायाने नाही. फिरली तर अर्धं काम झालं. मग ठिणगीचे पॉईंट साफ करा, कार्बोरेटर धुवा आणि आहे त्या रूपात ती एकदा सुरू करा. काकूंना बोलवा तेव्हा. त्यानंतरही विकायची असेल तर मूळ रूपातच विका. हात बसवायला दुसरी घ्या, जिची सीट, मडगार्ड आधीच कुणीतरी हरवलेत आणि कागद मात्र चोख आहेत. जुन्या बाजारात अशा निघतात. काकांच्या गाडीची टाकी उघडल्यावर आतला फोटो इथे टाका, गंज बघून पुढचं सांगतो.