ड्यूटी वाढवली की व्होल्टेज आधी खाली का जातं?

प्रश्न: नमस्कार सर, मी परभणीचा, इलेक्ट्रिकल थर्ड इयर. गावाकडं 12 व्होल्टच्या बॅटरीवर 24 व्होल्टची छोटी मोटर चालवायची म्हणून बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं सर्किट, करायलोय. इंडक्टर 1 मिलीहेन्री, कपॅसिटर 10 मायक्रोफॅरॅड, स्विचिंग 100 किलोहर्ट्झ, लोड म्हणून सध्या 24 ओहम. एका सेकंदाचं सिम्युलेशन लावलं की चहा पिऊन आलो तरी संपत नाही. मॅडम म्हणल्या ॲव्हरेज मॉडेल लाव. ते झटकन झालं, पण ड्यूटी (चक्रातला स्विच चालू असण्याचा वाटा) 0.5 वरून 0.6 केली की आउटपुट आधी खाली जातं अन् मग वर येतं. स्विचच काढून टाकला म्हणून मॉडेल गंडलं का?

उत्तर: गंडलं नाही भाऊ, ते खरं सांगायलंय.

आधी वेळेचं बघू. 100 किलोहर्ट्झचं एक चक्र 10 मायक्रोसेकंदाचं, त्यात निदान 100 ठिपके पाहिजेत, म्हणजे एका सेकंदाला 1 कोटी पावलं, लॅपटॉप दमणारच की. ॲव्हरेज मॉडेलमध्ये स्विच चालू असतानाची समीकरणं ड्यूटीइतक्या वजनानं अन् बंद असतानाची उरलेल्या वजनानं धरून एकच समीकरण करतात. मिडलब्रुक अन् चुक यांनी 1976 मध्ये ही रीत नीट मांडली. यात रिपल, म्हणजे प्रत्येक चक्रातली बारीक चढउतार, दिसत नाही, पण त्याखालची सावकाश हालचाल शाबूत राहते, अन् आउटपुट बघून ड्यूटी बदलणाऱ्या कंट्रोलरला तीच लागते.

आता खाली जाण्याचं. आपल्याकडं उन्हाळ्यात विहीर झिरपू द्यावी लागते, मोटर बंद ठेवायची अन् मग थोडा वेळ चालवायची. झिरपायला जास्त वेळ दिला तर पुढं पाणी जास्त निघतं, पण त्या दिवशी रानाला कमीच जातं ना? इंडक्टरचं तसंच. स्विच चालू असेपर्यंत तो बॅटरीवर भरतो अन् तेवढा वेळ लोडला एकटा कपॅसिटर पोसतो. ड्यूटी वाढवली की भरायचा वेळ वाढला अन् ओतायचा घटला, करंट मात्र लगेच वाढत नाही, म्हणून आधी खड्डा पडतो. खऱ्या सर्किटवर स्कोप लावलास तरी हेच दिसेल, फक्त वर रिपल बसलेला.

याला राइट हाफ प्लेन झिरो म्हणतात. सूत्र सोपं: लोडचा रेझिस्टन्स गुणिले (1 वजा ड्यूटी) चा वर्ग, भागिले इंडक्टन्स. तुझ्या आकड्यांनी 0.5 ड्यूटीला 6000 रेडियन प्रति सेकंद, म्हणजे साधारण 955 हर्ट्झ. कंट्रोल लूपचा वेग (बँडविड्थ) याच्या पाव भागाच्या आतच ठेव, अन् नुसता पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर लावणार असशील तर अजून खाली, कारण इंडक्टर-कपॅसिटरच्या (एलसी) रेझोनन्सचा उंचवटाही 800 हर्ट्झच्या आसपास आहे. घाई केलीस तर कंट्रोलर खड्डा बघून ड्यूटी अजून वाढवतो अन् खड्डा अजून खोल होतो, मग नुसतं हेलकावे.

खरं सांगू का, 1 मिलीहेन्री तू लई मोठं घेतलंस. 220 मायक्रोहेन्री कर, झिरो 4.3 किलोहर्ट्झवर जातो अन् करंटचा रिपल 2 अँपिअरवर 0.27 अँपिअर, चालतंय तेवढं. फक्त लोड 70 मिलिअँपिअरच्या खाली गेला तर प्रत्येक चक्रात करंट शून्याला टेकतो, तिथं हे मॉडेल चालत नाही, वेगळं लागतं. अन् 24 ओहमच्या जागी मोटर जोडशील तेव्हा सुरुवातीचा करंट बघून स्विच निवड, नाहीतर स्विच म्हणून लावलेला मॉस्फेट पहिल्याच झटक्यात जायचा.