‘हे येणार नाहीत, मी एकटी गेली तर चालते का?’

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव घाटंजी तालुक्यात आहे. चार एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. नवरा दारू पीत नाही, अंगावर हात टाकत नाही. पण मागच्या हंगामात बोंडअळीनं कापूस गेला, तेव्हापासून घरात बोलणंच बंद झालं. वावरातून आले की खाटेवर पडून मोबाइल. काही विचारलं तर “काही नाही”. मग मीही चार-चार दिवस गप्प राहते. पुण्याची मावसबहीण म्हणते, रिलेशनल थेरपी घे. ती काय असते? दोघांनी मिळूनच घ्यावी लागते का? हे तर येणार नाहीत. मागं एकदा मी एका समुपदेशक बाईंकडे गेली होती. त्यांनी दहा मिनिटांत “जुळवून घ्या” सांगितलं आणि माझं बोलणं सासूबाईंच्या कानावर गेलं. आता कोणावर भरवसा ठेवू? गावात कळलं तर म्हणतील, पागल झाली.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : थेरपीचं सांगतेच, पण आधी तुमच्या यजमानांविषयी. पीक गेल्यापासून कास्तकार माणूस मुका झाला, तर आपल्या भागात तरी ते नुसतं रुसणं समजू नका. झोप लागते का, जेवण तुटलं का, “माझ्या मागं पोरांकडे बघशील” असं काही तोंडून निघतं का, याकडे लक्ष ठेवा. आणि शांतपणे, सरळ विचारा, “जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार होतो. फवारणीचं औषध आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा नंबर 2022 पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. त्यांच्यासाठी तुम्हीही फोन करू शकता.

आता तुमचा प्रश्न. हो, एकटी गेलात तरी चालतं. रिलेशनल थेरपी म्हणजे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून न्यायनिवाडा करणं नव्हे. जोडप्यांसाठी वेगळं समुपदेशन असतं. इथं काम चालतं ते तुमच्या माणसांशी वागण्याच्या सवयीवर, आणि ते समुपदेशकाशी जुळणाऱ्या नात्यातूनच. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ जीन बेकर मिलर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 1970 च्या दशकापासून जो विचार मांडला, त्यातली एक गोष्ट मला आपल्या घराघरात दिसते. आपल्याला नातं हवं असतं, ते तुटेल याची भीती असते, म्हणून आपण आपला राग, आपलं दुःख दडवतो. आणि जितकं दडवतो तितके त्याच नात्यात एकटे पडतो. तुमचे ते चार दिवस आठवा. त्यांचं “काही नाही”सुद्धा याच जातीचं असू शकतं.

माझ्याकडे एक बाई येत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर एकच, “चालते न ताई.” एकदा मला त्यांची वेळ पुढं ढकलावी लागली. तेव्हाही त्या “चालते” म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी आल्याच नाहीत. नंतर आल्यावर मी विचारलं, “माझा राग आला होता का?” आधी नाही म्हणाल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, “आला होता. गाडी पकडून आली असती, घरी खोटं सांगून.” मी ऐकून घेतलं, त्यांचा राग रास्त होता हे मान्य केलं, आणि आमचं नातं तुटलं नाही. राग बोलून दाखवल्यावरही समोरचं माणूस टिकतं, हा अनुभव त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आला. त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी त्या घरी जावेशी मोकळ्या बोलल्या. उपदेशानं हे झालं नसतं. म्हणून “जुळवून घ्या” हा सल्ला मला मनापासून खटकतो. जुळवून घेऊन घेऊनच तर तुम्ही इथवर आलात.

मग माणूस कसा शोधायचा? समुपदेशकाची पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारा, त्यात लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर, गरज असेल तर तेच औषध देतात. तुम्हाला यवतमाळ सोयीचं आहे. तिथल्या मनोविकार विभागात समुपदेशन कोण करतं, हे विचारा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही हा विभाग आहे. दर वेळी एसटीनं जाणं जमत नसेल तर फोनवरून चालतं का विचारा, मात्र घरात निवांत कोपरा मिळतो का ते आधी बघा. वावरातल्या झाडाखाली बसून बोलणाऱ्या बायका मला माहीत आहेत. ‘रिलेशनल’ हा शब्द पाटीवर दिसला नाही तरी हरकत नाही. “तुमच्या-माझ्यात काही खटकलं तर त्यावर आपण बोलतो का?” एवढं विचारा. या प्रश्नावर जो चिडेल किंवा हसण्यावारी नेईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

तुमचं बोलणं सासूबाईंपर्यंत गेलं, तो तुमच्यावर अन्यायच झाला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो, तो कोणता हे समुपदेशकानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं. गावात काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. दवाखान्यात जाते, इतकं पुरे आहे, आणि ते खोटंही नाही.

यजमानांना ओढून नेऊ नका. “मला झोप लागत नाही, मी माझ्यासाठी जाते. तुम्हाला वाटलं तर सोबत चला,” इतकंच म्हणा. आणि पहिल्या भेटीत नवऱ्याच्या आधी त्या जुन्या समुपदेशक बाईंचं सांगा. “माझं बोलणं बाहेर गेलं होतं, म्हणून मला तुमचीही भीती वाटते,” असं स्पष्ट म्हणा. समोरच्या माणसानं ते कसं ऐकलं, घाईनं समजूत घातली की थांबून विचारलं, हे नीट पाहा, आणि दुसऱ्या भेटीचं त्यावरून ठरवा.