तडीपार, हद्दपार की प्रत्यार्पण?

प्रश्न : टीव्हीवर कधी म्हणतेत आरोपीला हद्दपार करून आणलं, कधी म्हणतेत प्रत्यार्पण झालं, आन आमच्या गल्लीतला एकजण तर तडीपार आहे. हे सगळं एकच का? आणि रेड कॉर्नर नोटीस निघाली म्हणजे माणूस सापडलाच ना?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : एकच नाही हो, पण घोळ होणारच. तडीपारी आपली घरची, महाराष्ट्र पोलीस कायद्यातली, जास्तीत जास्त दोन वर्षं, बीडमधून काढला की अहिल्यानगरला मामाकडं जाऊन बसतो (आदेशात शेजारचे जिल्हेही घातले असले तर मग मामाही गेला). परदेशाचा संबंधच नाही.

हद्दपार म्हणजे एखाद्या देशानं परक्या माणसाला "तुला इथं राहायचा हक्क नाही, नीघ" म्हणून काढून देणं, आपल्या खटल्याशी त्यांना देणंघेणं नसतं, निदान कागदावर तरी. गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी, तोच अबू जुंदाल, २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठ्यातला, त्याला सौदीनं २०१२ मध्ये असंच भारतात धाडलं.

प्रत्यार्पण मात्र रीतसर मागून आणणं. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, १९४८ पर्यंत परंड्यातून बार्शीत गेलं की निजामाची हद्द संपायची आणि त्याचे पोलीसही. आजही तसंच, हद्द संपली की मागावं लागतं, पुरावे द्यावे लागतेत, तिथल्या कोर्टात भांडावं लागतं, आणि साधारणपणे ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेतून आला एप्रिल २०२५ ला, म्हणजे २६/११ नंतर सोळा वर्षांनी, मोजा तुम्हीच. वर अटी असतेत त्या वेगळ्याच. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला पोर्तुगालनं २००५ ला दिला तो फाशी नाही आणि २५ वर्षांच्या वर कैद नाही असा शब्द भारतानं दिल्यावर, पुढं टाडा (दहशतवादविरोधी जुना कायदा) कोर्टानं जन्मठेप दिली तरी सुप्रीम कोर्टानं २०२२ ला सांगितलं की शब्द पाळावा लागंल. लोक लई चिडले, मला तर बरोबर वाटलं, एकदा शब्द मोडला तर पुढच्या वेळी आपल्याला माणूस देईल कोण?

राहिली रेड कॉर्नर. ते वॉरंट नव्हे, इंटरपोलनं (देशोदेशीच्या पोलिसांची एकमेकांना मदत करायची संघटना) सगळ्या सदस्य देशांना केलेली विनंती, "हा दिसला तर धरून ठेवा" एवढीच. इंटरपोलचा हवालदार कुणाच्या दारात येत नसतो, धरायचं का नाही ते त्या देशाचा कायदा ठरवतो.