कान्होजी नक्की कुठले?

प्रश्न: लेकीने निबंधात लिहिलं की अलिबागचे कान्होजी अफझलखानाच्या वेळी महाराजांसोबत होते, बाईंनी लाल खूण केली. खरं काय? (एक आई, अलिबाग)

उत्तर: ताई, तिला ओरडू नका हं, कान्होजी दोन आहेत आणि दोघंही मोठीच माणसं. १६५९ ला खान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूने उभे राहिले ते कान्होजी जेधे, घाटावरचे, भोरकडच्या कारीचे देशमुख. आपले आंग्रे तेव्हा जन्मले पण नव्हते, ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना पुरून उरले आणि १७२९ ला गेले. ओहोटीला घोटाभर पाण्यातून कुलाबा किल्ल्यावर चालत जातो ना आपण, ते त्यांचं ठाणं. येताना गावातल्या त्यांच्या समाधीपाशी पण लेकीला घेऊन जा.