भीती वाटते, म्हणजे विश्वास कमी पडला का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तींकडून एक प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकते. घरात गंभीर आजार आलेला असतो, नोकरी गेलेली असते किंवा मूल दुरावलेले असते; पण त्या संकटाबद्दल बोलण्याआधीच माणूस चाचरत विचारतो, "मला भीती वाटते, रात्ररात्र झोप लागत नाही, म्हणजे माझा देवावर विश्वासच नाही का?" संकट असतेच, त्यात आपण विश्वासात उणे पडलो ही लाज येऊन मिळते, आणि ही लाज मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, कोणाला बोलून दाखवण्याची सोयही नसते. ज्या बाईंच्या अनुभवावरून मी हे लिहीत आहे, त्यांनी लिहिण्यास संमती दिली आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास डायलिसिस चाले. प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलेले होते, पण मूत्रपिंड कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. अशा आजारात माणसाला थकवते ती ही बेमुदत वाट पाहणे. पहिले काही महिने मंडळीतील लोक नियमाने भेटायला येत, प्रार्थना करत, देव सर्व गोष्टींतून कल्याणच साधतो या अर्थाचे बायबलमधील रोमकरांस पत्रातील वचन वाचत आणि निघून जात. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर, अगदी मायेने, घरात एखादे पाप कबूल करायचे राहून गेले आहे का, असेही विचारले होते. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने ना त्या माणसाला दोषी ठरवले ना त्याच्या आईबापांना, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे. तरीही हा प्रश्न मंडळ्यांमधून अजून गेलेला नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

रोज रात्री पतीच्या उशाशी बसून त्या मोठ्याने प्रार्थना करत. आवाज स्थिर, शब्द ठरलेले: आभार, स्तुती, डॉक्टरांसाठी विनंती आणि शेवटी "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." आमेन म्हणून दिवा मालवला की त्या न्हाणीघरात जात, नळ सोडत आणि त्या आवाजाच्या आडोशाने रडून घेत. "बाहेर येते तेव्हा तोंड धुतलेलंच असतं, मॅडम, त्यामुळे कोणाला काही कळत नाही," असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात दुःखापेक्षा आपण काही लबाडी करत आहोत अशी अपराधी भावनाच अधिक होती.

मी स्वतः ख्रिस्ती आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्या माझ्याकडे आल्या होत्या आणि आता मीही एखादे वचन देऊन पाठवणी करीन, अशी त्यांची अटकळ असावी. देव हे दुःख का येऊ देतो, याचे उत्तर देणे हे समुपदेशकाचे काम नाही. तो विषय पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलण्याचा आहे. माझे काम त्यांची प्रार्थना आणि त्यांचे रडणे यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली होती, ती पाहण्याचे होते. म्हणून मी इतकेच विचारले, "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे असं म्हणण्याआधी, तुम्हाला स्वतःला काय हवं आहे, हे त्याला कधी सांगितलंत का?"

"त्याला सगळं ठाऊकच आहे की."

"ठाऊक आहे, पण तुम्ही सांगितलं आहे का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागितलं आणि मिळालं नाही, तर माझा विश्वास टिकायचा नाही. म्हणून मागतच नाही."

त्यांची खरी अडचण या वाक्यात होती. ज्याला त्या आणि आसपासचे सगळे शरणागती समजत होते, त्यातला बराचसा भाग प्रत्यक्षात सावधपणा होता: देवाला नकार देण्याची संधीच द्यायची नाही. भरवसा ज्याच्यावर असतो त्याच्याजवळ माणूस मागतो, हट्ट करतो, रुसतोही. ज्याची खात्री नसते त्याच्याशी मात्र अदबीने आणि मोजून मापून बोलतो.

येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना आम्ही एकत्र वाचली. येशूने शेवटी पित्याच्या इच्छेला मान तुकवली, हे सर्वांना पाठ असते. पण त्याच्या आधी त्याने हा प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख, माझ्यापासून दूर कर, असे उघड मागितले आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा जाऊन तेच शब्द पुन्हा उच्चारले, इकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या मनाला मरणप्राय वेदना होत आहेत, हेही त्याने शिष्यांपासून लपवले नाही. या बाई त्या प्रार्थनेचा पहिला भाग गाळून थेट दुसरा म्हणत होत्या, आणि गाळलेला भाग रोज रात्री न्हाणीघरात बाहेर पडत होता.

पवित्र शास्त्रात अशी उघड तक्रार अपवादाने येत नाही. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो आणि त्यानंतर, परिस्थिती तसूभरही बदललेली नसताना, त्याच तोंडातून भरवशाचे शब्द येतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकले नाही. निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाने देवाला जाब विचारला, त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेतली. शेवटी देव कोपला तो मित्रांवर, आणि माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असे त्याने सांगितले. त्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली होती: आरंभी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ काहीही न बोलता बसून राहिले.

मनातला हा संघर्ष निरुपद्रवी असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्क रुग्णांचा सुमारे दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा देवाने आपल्याला टाकले किंवा देवाचे आपल्यावर प्रेम नाही, असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका काहीसा अधिक आढळला; हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये त्यांनीच मांडलेल्या पुढच्या अभ्यासानुसार विशेष जोखीम अशा रुग्णांना दिसली, ज्यांचा हा संघर्ष दीर्घकाळ तसाच चालू राहिला. शंका येणे वेगळे आणि शंका घेऊन वर्षानुवर्षे एकट्याने कुढणे वेगळे, असा मी याचा अर्थ लावते.

त्यांची झोप आणि भूक किती दिवसांपासून गेली आहे, कशातच मन लागत नाही असे होते का, जगू नये असा विचार येतो का, हेही मी सरळ विचारले. ही लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज असतील, तर नैराश्याची तपासणी करून घ्यायला हवी, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. बायबलमधील संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला प्यायला दिले आणि मध्ये झोपू दिले. या बाईंना मरणाचे विचार नव्हते, पण झोपेसाठी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले.

पुढच्या भेटीपर्यंत करण्यासाठी मी एकच गोष्ट सुचवली: देवाला उद्देशून एक पान लिहायचे, त्यात स्तुती आणि आभार नकोत, आणि शेवट गोड करायचा नाही. त्यांनी आणलेल्या पानावर पहिलीच ओळ होती, "मला तुझा राग आला आहे." त्याखाली मागण्यांची लांबलचक यादी होती, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत, "हे सगळं तुला सोडून मी आणखी कोणाला सांगू?" ही ओळ त्यांनी मला दाखवली ती माफी मागण्याच्या सुरात. मला मात्र त्या पानावर सर्वांत जास्त विश्वास त्याच ओळीत दिसला, आणि तसे मी त्यांना सांगितले.

काही आठवड्यांनी त्यांनी रात्रीच्या प्रार्थनेत पहिल्यांदा पतीसमोर म्हटले, की प्रभू, मला यांना गमवायचे नाही आणि मला फार भीती वाटते. पती गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मलाही. तुझा विश्वास डळमळेल म्हणून मी बोलत नव्हतो." दोघेही एकमेकांचा विश्वास सांभाळण्यासाठी एकमेकांपासून भीती लपवत होते. त्यानंतर मंडळीतील स्त्रियांना काय सांगायचे, याची आम्ही तयारी केली. त्यांनी नेमकी मदत मागितली: आठवड्यातील डायलिसिसच्या एका दिवशी कोणीतरी पतीजवळ बसावे. तीन जणी लगेच तयार झाल्या, आणि त्यांतल्या एक पापकबुलीबद्दल विचारणाऱ्या त्याच वडीलधाऱ्या बाई होत्या. प्रत्यारोपण अजून झालेले नाही. आता आमच्या भेटी बऱ्याच अंतराने होतात आणि त्यांत बोलणे होते ते मुख्यतः झोप, रजा आणि डायलिसिसच्या बदललेल्या वेळांबद्दल.