वाचकांचे प्रश्न : डोंगरमाथ्यावरच्या रिलेला वीज कशी पुरवायची?

महावितरणची तार जिथे पोचत नाही अशा टेकडीवर वायरलेस रिले (एकीकडून आलेला सिग्नल पुढे पाठवणारी यंत्रणा) बसवणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची अडचण जून ते सप्टेंबरमधली आहे, म्हणून उत्तरांतला हिशोबही जुलै धरूनच केला आहे.

प्रश्न : गावातल्या शाळेला आणि दोन वाड्यांना इंटरनेट देण्यासाठी कड्याजवळ रिले बसवला आहे. दोन पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ (ठरलेल्या एकाच ठिकाणाशी जोडणारे), एक सेक्टर (रुंद पट्ट्यात सिग्नल देणारा रेडिओ) आणि एक स्विच (नेटवर्क केबली एकत्र जोडणारा). दुकानदाराने ३३५ वॅटचं एक पॅनेल, १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरी आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलच्या विजेने बॅटरी चार्ज करणारं यंत्र) दिला. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत काही त्रास नव्हता. पाऊस लागल्यावर मात्र चार-पाच दिवसांत सगळं बंद. बॅटरी खराब निघाली का?
— एक वाचक, वेल्हे, जि. पुणे

उत्तर : बॅटरी बहुधा चांगलीच होती, या पावसाळ्यात मात्र ती खराब झाली असेल. आधी लोड पाहू. रेडिओ प्रत्येकी ८ वॅट, सेक्टर ९, स्विच ४, कंट्रोलर आणि कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज बदलणाऱ्या यंत्रात) जाणारे ३, मिळून ३२ वॅट. आकडा लहान दिसतो, पण तो चोवीस तास चालू असतो. ३२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७६८ वॅट-तास. हे आकडे डेटाशीटवरून घेऊ नका, डीसी वॅटमीटर लावून मोजा. डेटाशीटवर कमाल आकडा असतो, आणि वाटेत जाणारी वीज त्यात धरलेली नसते.

एप्रिलमध्ये तुमच्याकडे साडेपाच तासांचं पूर्ण ऊन, म्हणजे पॅनेल पूर्ण वॅट देईल इतकं, धरता येतं. ३३५ गुणिले ५.५, त्यातून धूळ, उष्णता, वायर आणि चार्जिंगपायी पाव भाग वजा केला की १,३८० वॅट-तास उरतात. गरजेच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून मेपर्यंत काहीच जाणवलं नाही. जुलैत कड्यावर धुकं बसलं की हेच ऊन सरासरी दीड तासाइतकंच हिशोबात घ्यावं. मग मिळतात ३७७ वॅट-तास, आणि रोजची तूट पडते ३९१ ची. तुमच्या बॅटरीत एकूण १,८०० वॅट-तास. म्हणजे साडेचार दिवसांत ती पार तळाला. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊन तशीच आठवडाभर ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते.

आता काय करायचं? आमचं स्पष्ट मत : पैसे आधी पॅनेलांत घाला, मग बॅटरीत. बॅटरी वीज तयार करत नाही. दुप्पट बॅटरी घेतलीत तर रिले साडेचारऐवजी नऊ दिवसांनी बंद पडेल, आणि सह्याद्रीत धुकं सलग तीन-तीन आठवडे उठत नाही. तशीच आणखी तीन पॅनेलं घेऊन एकूण चार करा, १,३४० वॅट. दीड तासाच्या उन्हावरही १,५०० वॅट-तास मिळतील. अगदी अर्ध्या तासाचं ऊन धरलं तरी ५०० मिळतील आणि तूट २६८ वर येईल.

बॅटरी २५.६ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. २,५६० वॅट-तासांपैकी ८० टक्के, म्हणजे २,०४८ वापरता येतात. पॅनेलांतून काहीही आलं नाही तरी ६४ तास, आणि रोज अर्ध्या तासाइतकं ऊन मिळालं तर सात दिवस पार पडतात.

पॅनेलं दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल. सगळी पॅरलल जोडू नका : ३७ व्होल्टचं पॅनेल मेच्या उन्हात तापून ३१-३२ व्होल्टवर येतं, आणि बऱ्याच एमपीपीटींना चार्जिंग सुरू करायला बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट तरी जास्त लागतात. दोनच्या सिरीजचा ओपन-सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचा) ९२ च्या आसपास असतो. थंडीत तो दर अंशाला साधारण ०.३ टक्क्याने चढतो, तेव्हा डिसेंबरच्या पहाटे ९६-९७ धरा. म्हणून १०० व्होल्टचा कंट्रोलर काठावरचा. १५० व्होल्टचा घ्या. करंट मात्र ३५ अँपिअरचा पुरतो. कडक उन्हात तो जादा वीज घेणार नाही, पण तेव्हा ती नकोच असते. एवढी मोठी पॅनेलं जोडायला त्या मॉडेलची परवानगी आहे का, हे मॅन्युअलमध्ये शॉर्ट-सर्किट करंटच्या मर्यादेवरून पाहून घ्या.

आणि स्टँड. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये पुणे परिसराला ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वाऱ्याचा वेग दिला आहे. त्याचा दाब होतो दर चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे एका पॅनेलवर सुमारे १८० किलो. कोन आणि आकारानुसार तो बदलतो, आणि कड्याच्या ओठावर वारा आणखी वेग घेतो. स्टँड नुसता दगडांनी दाबून ठेवला तर पॅनेलं दरीत जातील. पाय काँक्रीटमध्ये हवेत, किंवा कातळात भोक पाडून केमिकल अँकरने बसवलेले.

प्रश्न : पॅनेल अक्षांशाइतकं तिरकं ठेवायचं असं सगळीकडे वाचतो. चिपळूणला १७-१८ अंश ठेवू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वर्षभरात जास्तीत जास्त युनिटं हवी असतील तर ते बरोबर आहे. रिलेला युनिटं नकोत, जुलै पार पाडायचा आहे. २१ जूनला तुमच्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून जवळजवळ सहा अंश उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलच्या किंचित पाठीमागे. त्यात ढगातून येणारा उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्यामुळे जितकं आडवं तितकं बरं. १० अंश ठेवा. त्याहून कमी केलंत तर पाणी निथळत नाही आणि खालच्या फ्रेमशी शेवाळ धरतं. हिवाळ्यात थोडं कमी मिळेल, पण तेव्हा आभाळ निरभ्र असतं.

प्रश्न : आमच्याकडे घरगुती इन्व्हर्टर पडून आहे. त्यावर रेडिओंचे अडॅप्टर लावले तर चालेल का? लोड २० वॅटच आहे.
— एक वाचक, धडगाव, जि. नंदुरबार

उत्तर : चालेल, पण इन्व्हर्टर स्वतःच १० ते १५ वॅट नुसतं चालू राहण्यासाठी खातो. २० वॅटच्या लोडवर हा भुर्दंड फार मोठा : १५ वॅट धरले तर दिवसाला ३६० वॅट-तास. वर अडॅप्टरमध्ये १०-१५ टक्के जातात ते वेगळेच. बॅटरीच्या डीसीचं २३० व्होल्ट एसी करायचं आणि पुन्हा २४ व्होल्ट डीसी करायचं, हा फेरा रिलेवर नको.

थेट डीसी द्या. २४ व्होल्ट पॅसिव्ह पीओईचे (नेटवर्क केबलमधूनच थेट वीज घेणारे) रेडिओ असतील तर बॅटरी, फ्यूज, मग २४ व्होल्टचा स्थिर डीसी-डीसी कन्व्हर्टर, मग ती वीज केबलमध्ये सोडणारा पीओई इंजेक्टर. कन्व्हर्टर गाळू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरी २८-२९ व्होल्टपर्यंत चढते आणि काही रेडिओ त्यात जळतात. रेडिओच्या लेबलवर ‘१२ ते ५७ व्होल्ट’ अशी रुंद मर्यादा असेल तरच थेट जोडा. ८०२.३एएफ किंवा एटी या पीओई मानकांच्या रेडिओंना ४८ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा लागतो, त्यासाठी डीसीवर चालणारा पीओई स्विच मिळतो.

केबलकडेही पाहा. पॅसिव्ह पीओईत तांब्याच्या कॅट ५ई केबलचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला ९ ओहमच्या आसपास. १० वॅटचा रेडिओ ०.४२ अँपिअर घेतो, ३० मीटरवर १.१ व्होल्ट पडतात, ते चालतं. पण बाजारात स्वस्त मिळणारी सीसीए केबल, म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम, दीडपटीहून जास्त रोध देते, आणि दमट हवेत तिची टोकं गंजतात. आतली तार चाकूने खरवडा. पांढरी निघाली तर परत करा.

प्रश्न : पाटणच्या पठारावर पावसाळ्यात वारा थांबत नाही. ‘४०० वॅट’ची छोटी पवनचक्की लावली तर पॅनेलं वाचतील ना?
— एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर मोठ्या पवनचक्क्या उगाच नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, नेमका पॅनेलं मार खातात तेव्हा. म्हणून तुमच्या जागी पवनचक्कीचा विचार योग्य आहे. मात्र डब्यावरचा ‘४०० वॅट’ विसरा. तो साधारण १४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यावरचा आकडा असतो, आणि शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनात बदलते. पात्यांचा व्यास १.२ मीटर असेल तर तुमच्या उंचीवर ३ मीटर प्रतिसेकंदाला ४ वॅट, ६ ला ३३ आणि १० ला १५० वॅट, एवढंच पदरात पडतं. सलग ६ चा वारा मिळाला तर दिवसाला ७९० वॅट-तास. तोच वारा ३ वर आला की शंभरच्याही खाली. विकत घेण्याआधी जुलैत महिनाभर वेगमापक लावून नोंदी घ्या. पठाराच्या कडेला आणि आतल्या झाडीजवळ वारा अगदी वेगळा असतो.

बसवताना जे चुकतं ते असं. पवनचक्की रेडिओच्याच खांबावर लावतात. कंपनांमुळे डिश हळूहळू फिरते आणि लिंक कमजोर होते. तिला ताणांचा वेगळा खांब द्या, आणि आसपासच्या शंभर मीटरमधल्या झाडा-घरापेक्षा दहा मीटर उंच ठेवा. दुसरं, तिला सोलरच्या एमपीपीटीला जोडतात. बॅटरी भरली की सोलर कंट्रोलर पॅनेलं तोडतो आणि पॅनेलांना त्याने काही होत नाही. पवनचक्कीचा लोड तुटला की ती मोकाट सुटते, व्होल्टेज चढतं, पाती किंवा वाइंडिंग जातं. तिला स्वतःचा कंट्रोलर आणि डम्प रेझिस्टर हवा. जादा वीज त्यात उष्णता होऊन जाते, म्हणून तो लाकूड-प्लास्टिकपासून दूर, हवेशीर बसवा. तिन्ही फेज शॉर्ट करणारा ब्रेक-स्विच खालीच हाताशी ठेवा. जोरात फिरत असताना तो मारू नका, वारा पडल्यावर मारा.

पॅनेलं मात्र वाचणार नाहीत. ऑक्टोबरनंतर पवनचक्की बहुतेक वेळ उभीच असते. चारऐवजी तीन-दोन चालतील, इतकंच.

प्रश्न : लिथियम बॅटरी लावल्यापासून दोन प्रकार होतात. एकदा भर दुपारी रेडिओच जळला. आणि ढगाळ दिवसांनंतर पहाटे रेडिओ चालू-बंद, चालू-बंद होत राहतो; मग तो फॅक्टरी सेटिंगवर गेलेला सापडतो.
— एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : दोन्हींचं मूळ कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आहे. तो अजून ‘ट्यूब्युलर’वर असावा. त्या सेटिंगमध्ये अधूनमधून इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजवर चार्जिंग) होतं आणि व्होल्टेज ३० च्या वर जातं. एखादा सेल ३.६५ व्होल्टला टेकला की बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, बॅटरी तोडतो. पॅनेलं मात्र कंट्रोलरमधून रेट्याने वीज देतच असतात, बॅटरी मध्ये नसल्याने व्होल्टेज उसळतं आणि ते सरळ रेडिओवर जातं.

आठ सेलच्या बॅटरीसाठी ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरत आणतानाचा व्होल्टेज) २८.० ते २८.४, फ्लोट (भरल्यावर राखायचा) २७.०, इक्वलायझेशन बंद, तापमान-भरपाई शून्य. मध्ये स्थिर कन्व्हर्टर हवाच.

पहाटेच्या प्रकारात कट-ऑफ आणि परत जोडण्याचा व्होल्टेज फार जवळ आहेत. लोड तुटला की बॅटरी आपोआप अर्धा-एक व्होल्ट वर येते, कंट्रोलरला वाटतं ती सावरली, तो लोड जोडतो, व्होल्टेज पुन्हा पडतो. रेडिओ बूट होताना वारंवार वीज गेली की त्याच्या फ्लॅश मेमरीतली सेटिंगं जातात. कट-ऑफ २४.८ आणि पुनर्जोडणी २६.६ ठेवा. कट-ऑफ बीएमएसच्या मर्यादेच्या बराच वर हवा. बीएमएसने बॅटरी पूर्ण तोडली तर काही कंट्रोलर ऊन असूनही जागे होत नाहीत, आणि कुणाला तरी चार्जर घेऊन डोंगर चढावा लागतो.

तुमच्याकडच्या मेच्या उन्हात पत्र्याची बंद पेटी आत ६० अंशांपर्यंत तापते. पेटी पॅनेलांच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला ठेवा, पांढरी रंगवा, वर दुसरा पत्रा दोन इंच अंतर सोडून बसवा.

प्रश्न : आमच्या सड्यावर सगळा जांभा. अर्थिंगची सळी दीड फुटावर अडते. विजेपासून काय करावं?
— एक वाचक, राजापूर, जि. रत्नागिरी

उत्तर : सळीचा हट्ट सोडा. खांबाच्या पायापासून तीन-चार दिशांना दहा-दहा मीटरचे उथळ चर खणा, त्यांत २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी टाका आणि शेतातली माती भरून दाबा. रोध १० ओहमच्या खाली आला तर उत्तम. कातळावर तो नेहमी येतोच असं नाही, म्हणून त्याहून महत्त्वाचं हे, की खांब, पॅनेलांची फ्रेम, पेटी आणि सर्ज प्रोटेक्टर सगळे एकाच बिंदूला जोडा. दोन वेगळ्या अर्थिंग केल्या तर वीज पडताना त्यांच्यामधला फरक रेडिओच्या केबलमधूनच वाहतो. इथरनेटला सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना लावा, पॅनेलांच्या वायरीला एक. थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काही टिकेल असं नाही. आजूबाजूला पडलेल्या विजेपासून मात्र रेडिओ वाचतात. एक जास्तीचा रेडिओ सेटिंग भरून गावात तयार ठेवा.

प्रश्न : देखभालीला वर्षातून एकदाच वर जाणं जमतं. कधी जावं?
— एक वाचक, जव्हार, जि. पालघर

उत्तर : दोनदा जमवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला खांबाभोवतीचं गवत पाच मीटरपर्यंत कापून काढा, वणव्यात केबल वितळते. मेच्या शेवटच्या आठवड्यात पॅनेलं धुवा, नट-बोल्ट आणि ताण आवळा, पेटीच्या भोकांत मुंग्या किंवा गांधीलमाशीचं घर आहे का पाहा, प्रत्येक केबल खालूनच आत शिरते आणि शिरण्याआधी खाली झोळ घेते हे तपासा. वानरं केबल ओढत असतील तर ती जीआय पाइपातून घ्या. शेवटी पॅनेलं बंद करून रात्रभर बॅटरीवर चालवा आणि सकाळचा व्होल्टेज गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडा. तो बराच खाली आला असेल तर बॅटरी जूनच्या आधी बदला. जुलैत ती खांद्यावर घेऊन निसरडी वाट चढणं धोक्याचं आहे.